एकाच जिवाची दोन नावं

आमच्या गाइड सरांचा मला मनस्वी राग होता. होता कशाला, आहे. तोंडावर फटकळ बोलणारा माणूस परवडतो. हा गोड बोलायचा.

माझा विषय टॅनेड. खोल समुद्राच्या तळाशी गाळात राहणारे, झिंग्यांच्या दूरच्या गोतातले जीव, तांदळाच्या कणीएवढे. धुळ्यात बसून समुद्राचा अभ्यास करते म्हटलं की नातेवाईक हसायचे. मी त्यांना उत्तर देणं सोडलं होतं. कुठल्याशा मोहिमेत वर काढलेला गाळ सरांनी ओळखीने मिळवला होता. त्यातले जीव स्पिरिटच्या कुप्यांत, आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात होते. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने त्यांचा एकेक पाय सुटा करायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि त्याचं चित्र काढायचं. नांगीच्या चिमट्यावर काटे किती, शेपटीच्या टोकाला सांधे किती, यावरून जात ठरते. मान मोडून जाते, पण मला हे काम आवडायचं.

याच गाळातून सरांनी पूर्वी दोन नव्या जाती जाहीर केल्या होत्या, दोन्ही एकाच लेखात. एकीला स्वतःच्या आईचं नाव दिलं आणि दुसरीला विद्यापीठातल्या मोठ्या साहेबांचं, कारण सरांची बढती त्यांच्या हातात होती. आईच्या नावाची जात आंधळी, जाडजूड, भक्कम जबड्यांची. साहेबांच्या जातीला लांब केसाळ मिशा, पोटाखाली पोहायचे पाय, आणि तोंड जवळजवळ मिटलेलं, खाताच येऊ नये असं.

एप्रिलच्या शेवटी मला एक जीव सापडला, कात टाकायच्या बेतात असलेला. वरची कात सरांच्या आईच्या जातीची. आत मात्र घडी घालून ठेवलेले पोहायचे पाय आणि जाड मिशा, साहेबांच्या जातीच्या. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. दोन जाती नव्हत्याच. एक मादी होती, आणि तीच कात टाकून दुसरीतला नर होत होती. माझा सगळा प्रबंध आता त्या एका जिवावर उभा होता.

मी सरांना दाखवलं. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मग म्हणाले, "छान निरीक्षण आहे. उन्हाळा कडक आहे, जरा घरी आराम कर."

दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप, आणि किल्ली घेऊन सर भडगावला, आपल्या गावी. फोन उचलत नव्हते. धुळ्याच्या मेमध्ये त्या कुप्यांत दर दोन-चार दिवसांनी स्पिरिट घालावं लागतं, नाही तर जीव वाळून त्याचा कोंडा होतो. हे मला सरांनीच शिकवलं होतं.

मी एसटीने भडगाव गाठलं. वाटेत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. दोन्ही नावं एकाच लेखात छापलेली असली, तर त्यांतलं कुठलं टिकेल हे चूक दाखवून देणारा ठरवतो, असा आमच्या शास्त्रात नियम आहे. म्हणजे मी. मी ठरवून टाकलं होतं, त्याच्या आईचंच नाव खोडायचं. जिथे दुखेल तिथेच.

सर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मला बघून म्हणाले, "अगं, किल्ली कुठे ठेवली तेच आठवत नाहीये." आतून त्यांची आई बाहेर आली. वाकलेली, डोक्यावर पदर. एवढ्या उन्हात आलेली मला बघून ती चकित झाली.

"कोन शे वं तू? इतला उनमा कसाले उनी?"

"अक्का, मी सरांची विद्यार्थिनी. कपाटाची किल्ली पाहिजे होती. समुद्रातले जीव आहेत त्यात, ते वाळतील."

तिचा चेहरा उजळला. "मना नावना जीव शे ना त्यामा? बठ्ठा गावले सांगस मी." अख्ख्या गावाला सांगून झालं होतं तिचं. मग लेकाकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुना खिसामाच शे किल्ली, सकाय मी देखी. दि टाक तिले."

सरांनी किल्ली दिली. माझ्याकडे न बघता. म्हातारीने मला पाणी दिलं, उन्हात जाऊ नको म्हणाली. मला तिचा लळा लावून घ्यायचा नव्हता, म्हणून मी लगेच निघाले.

कुपीत स्पिरिट तळाला गेलं होतं, पण जीव ओला होता. मी कपाटाची किल्ली परत दिलीच नाही. त्या जिवाची कात सुईने सोडवली, एकेक पाय काचपट्टीवर घेतला, चित्रं काढली. प्रबंध लिहून झाला. फक्त कुठलं नाव ठेवायचं ती जागा कोरी होती. म्हातारी डोळ्यांसमोरून हलत नव्हती आणि माझा राग उतरत नव्हता. दोन्हींत मी चरफडत होते.

तेव्हा सरांचा फोन आला. मला वाटलं, आता आईसाठी गयावया करतील, आणि खरं सांगते, मी ते ऐकायची वाट बघत होते.

"निवड तुझ्याच हातात आहे ना?" सर म्हणाले. "मग साहेबांचं नाव ठेव. आईचं काढ. तिला काय कळणार आहे?"

मी फोन ठेवला आणि कोऱ्या जागेत म्हातारीचं नाव लिहिलं.