चौकटीतली चौथी

अप्पा गेल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी मी पंधरा दिवस उघडली नव्हती. उघडली, तेव्हा चष्म्याच्या दोन घरांखाली एक घडी घातलेला ग्राफचा कागद निघाला. वर तांबड्या शाईत, अप्पांच्या ताठ अक्षरात : ‘इयत्ता चौथी. घरची शाळा.’

मी एकटीच हसले. मग दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

माझे वडील, अप्पा, भवानी पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढत. बारीक चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवायचं. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पडायची आणि पुठ्ठ्यांवरून मागावर मोर उमटायचे. दिवाळीनंतर मी जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडून घेतलं आणि शाळा बंद झाली. मोठ्या बाई घरी येऊन म्हणाल्या, “एप्रिलमध्ये मी स्वतः परीक्षा घेईन. जमलं तर पाचवीत, नाहीतर पुन्हा चौथीत.” पुन्हा चौथीत म्हणजे माझी मैत्रीण पुढच्या वर्गात आणि मी तिच्या धाकट्या बहिणीशेजारी. ती बहीण पाटी चाटून पुसायची.

अप्पांनी त्याच रात्री या कागदावर वेळापत्रक आखलं. एक घर म्हणजे पाव तास. गणित तांबडं, भूगोल हिरवा, मराठी पिवळं. सोमवारची नक्षी गुरुवारी परत, मंगळवारची शुक्रवारी. सकाळी अव्वानं, माझ्या आईनं, कागद बराच वेळ न्याहाळला.

“पोरगीनं जेवायचं कुटल्या रंगात?”

अप्पांनी कागद जवळ घेऊन पाहिला. जेवण राहिलंच होतं.

चादरीची नक्षी एकदा नीट बसली की मागावर ती कितीही वेळा तशीच उमटते, तेव्हा मुलीच्या डोक्यातही उमटावी, अशी त्यांची समजूत. म्हणून प्रत्येक उत्तर सात वेळा, ठरलेल्या क्रमानं. मीही पाय उशीवर ठेवून म्हणत गेले. दोन महिन्यांनी कारखान्यातले एक गृहस्थ घरी आले, तेव्हा अप्पांना मला दाखवायची हौस आली. पहिलं उत्तर बरोबर आलं, मग त्यांनी मधलाच प्रश्न विचारला, “आपल्या जिल्ह्यातलं मुख्य पीक कोणतं?”

“सीना,” मी म्हणाले.

“अगं, पीक! नदी नव्हे!”

“दुसरं उत्तर सीनाच आहे. तुम्ही क्रम बदललात.”

गृहस्थ चहा बशीत ओतता ओतता थांबले. आतून अव्वा म्हणाली, “बरोबर हाय की तिचं. तुमीच चुकला.”

अप्पा हसले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी हिरवी घरं वाढवली. मग मी तांबड्यातही चुकू लागले. फेब्रुवारी संपत आला, आणि गणित पुढं सरकेना. एकदा अव्वाशी बोलताना मी त्यांना ऐकलं : “बाईंना शब्द दिलाय मी. माझ्यामुळं पोरीचं वर्ष जाणार.” मला पाटी चाटणारी बहीण आठवली आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

मार्चमध्ये त्यांनी एक अर्धवट नक्षी पुरी करायला घरी आणली. समोरासमोर तोंड केलेले दोन मोर. अप्पा हातपाय धुवायला गेले. मला करायला काही नव्हतं, म्हणून मी पिसाऱ्याची घरं मोजली. मग दुसऱ्या मोराची. मग पुन्हा पहिल्याची.

“अप्पा, उजव्या मोराचं एक घर कमी आहे.”

“कमी असायचं नाही.”

“डावीकडं वरच्या ओळीत अकरा. उजवीकडं दहा.”

ते ओल्या हातानंच आले. बोट ठेवून मोजलं, चष्मा पुसून पुन्हा मोजलं. तसेच पुठ्ठे कापले असते, तर प्रत्येक चादरीवर एक मोर लंगडा निघाला असता.

“माझ्यासारखा,” मी म्हणाले. तेव्हा मात्र ते हसले, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक भिंतीवरून उतरलं. अप्पांनी कोरा ग्राफ माझ्या मांडीवर ठेवला. आम्ही घरं मोजून गुणाकार केले, मोराचा पाव हिस्सा रंगवला, जिल्ह्याचा नकाशा चौकटींत उतरवला आणि त्यात सीनेला तिच्या जागी नेऊन सोडलं. जेवण अव्वा हाक मारेल तेव्हा.

परीक्षेत मोठ्या बाईंनी विचारलं : बाग बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद, पाव भागात फुलझाडं, ती किती जागेत? मी पाटीवर चौकटी आखू लागले. बाई घड्याळाकडे बघत होत्या. दाराबाहेर अप्पांच्या चपलांची येरझार ऐकू येत होती. मी तीन उभ्या ओळी भरल्या, मोजल्या.

“चोवीस चौरस मीटर.”

“एवढं काढत बसायचं कशाला?”

“काढलं नाही तर दिसत नाही, बाई.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि दार उघडून अप्पांना सांगितलं, “जूनला पाचवीत पाठवा.”

जूनमध्ये मी कुबडी घेऊन निघाले. मैत्रिणीनं बाकावर माझ्यासाठी दप्तर ठेवून जागा धरली होती. अप्पा वर्गाच्या दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “पहिला तास कसला?”

“माहीत नाही.”

“वेळापत्रक दिलं नाही अजून?” त्यांचा हात खिशातल्या तांबड्या पेन्सिलीकडे गेला.

“अप्पा,” मी म्हणाले, “तुम्ही घरी जा.”

ते गेले. पण वळणावर थांबून त्यांनी एकदा मागं बघितलं.