मडगार्डवरचा हात

पंचवटीतला तो मेकॅनिक गिऱ्हाइकाचं ऐकूनच घेत नसे. माझी जुनी मोटार घेऊन गेलो, की मी तोंड उघडायच्या आत म्हणायचा, “दिवे लावा, आन् सेल मारा.” दिवे मंदावले तर बॅटरी बघायचा, नाहीतर स्टार्टर खोलायचा. एक तळहात कायम मडगार्डवर टेकलेला. मला तो शिष्ट वाटे.

एकदा पाठीमागून मी तीनदा विचारलं, “स्टार्टर जळालाय का?” त्यानं मानही वळवली नाही. काम झाल्यावर मी सेल मारला, इंजिन सुरू झालं. तो खिडकीशी आला आणि माझ्या ओठांकडे बघत हळूच म्हणाला, “आवाज साफ येतोय ना, साहेब?”

तेव्हा कुठे मला त्याचं न ऐकणं आणि मडगार्डवरचा तो तळहात कळला. मी मान हलवली.

पुढे त्याला कधी विचारावं लागलं नाही. गाडी सुरू झाली, की मीच खिडकीतून डोकं काढून मान हलवायचो.