दामूची उलटी गाठ

या पानावर येणारे गूढ अनुभव मी नियमित वाचतो आणि वाचून झाल्यावर सुनेला म्हणतो, "यांची झोप नीट झाली नसणार." त्यामुळे आज मीच लिहायला बसलेला पाहून ती गालातल्या गालात हसतेय. हसू दे. माझं वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर इंजिनं उघडली – पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, झाडं कापायची मशीनं. बिघडलेल्या वस्तूला कारण असतंच, यापलीकडे मी काही मानलं नाही. आजही मानतो असं नाही... पण जे घडलं ते सांगायचं तर आधी दामूबद्दल सांगावं लागेल. आणि दामूबद्दल खरं सांगायचं तर माझ्याबद्दल.

दामू ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला, माझ्याच वयाचा. खाडीतली मासळी कमी झाली तसा पावसाळ्याआधी सोसायट्यांची झाडं छाटायला तो माझ्याबरोबर येऊ लागला. लहानपणापासून डोलकाठीवर चढलेला माणूस, त्याला गुलमोहर म्हणजे जिना. तो वर, मी खाली. आमचं सेकंडहँड घेतलेलं नारिंगी कटर मशीन होतं, त्याला तो 'म्हातारी' म्हणायचा. सकाळी आधी म्हातारीला ऑइल, मग स्वतःला चहा. दोरी ओढून ती सुरू झाली नाही की तिची समजूत काढायचा, "चल गो बाय, आज दोनच फांद्या हायत."

मी चिडायचो. "अरे, प्लग साफ कर, गप्पा काय मारतोस तिच्याशी!"

"तू प्लग बघ. मी तिचा मन बघतो."

म्हातारीला एक खोड होती. थ्रॉटल, म्हणजे वेगाचा खटका, सोडला की ती आयडलला, म्हणजे नुसती संथ चालू, टिकायची नाही, बंद पडायची. झाडावर दोरीने बांधून घेतलेल्या माणसाला दर फांदीनंतर पुन्हा स्टार्टर ओढायचा म्हणजे जीव जातो. मी सगळं तपासून थकलो होतो. माजिवड्याच्या एका सोसायटीत काम चालू असताना, जेवणाच्या सुट्टीत, मी आयडलचा स्क्रू दीड फेरा आत पिळला. इंजिन बंद पडेना. आमच्या धंद्यातली ही पळवाट आहे. तेवढ्या वेगाला थ्रॉटल सोडला तरी कापणारी चेन पूर्ण थांबत नाही, हळूहळू फिरत राहते. हे मला माहीत होतं. दामूला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे... एवढ्याने काय होतंय, असं वाटलं.

वर गेल्यावर त्याने एक फांदी कापली, थ्रॉटल सोडला आणि चेन थांबली असं धरून मशीन डाव्या हाताकडे घेतलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

लोक त्याला रिक्षात घालत होते, तेव्हा मी मशीनचा स्क्रू परत जागेवर आणत होतो. स्क्रूड्रायव्हर खिशात होताच. सेक्रेटरींनी विचारलं, "घेऊन आला होता का हा?" दामू संध्याकाळी थोडी घ्यायचा, लपवायचा नाही. पण कामावर कधी थेंब नाही.

मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

तेवढं पुरलं. सगळ्या कोळीवाड्यात झालं की दामू पिऊन झाडावर चढला. त्याचा मेव्हणा बबन तर येता-जाता टोमणा मारायचा, "काय भावोजी, आज कुठल्या फांदीवर बसणार प्यायला?" दामूची बायको वारली ती तेच मानून. एक-दोनदा तो मला म्हणाला होता, "नव्हतो रे प्यायलेलो." मी खाली बघितलं. मग त्याने तो विषय सोडला.

मशीन मात्र त्याने मागून घेतलं. "माझी दोन बोटा खाल्लीन हिने, आता घरचीच झाली." नंतर तो जाळी दुरुस्त करायचं काम करू लागला. डाव्या हाताची पकड गेल्यामुळे सुताचं एक टोक दातात धरून गाठ मारायचा. त्यामुळे त्याची गाठ इतरांपेक्षा उलटी पडायची. सुताचं शेपूट डावीकडे यायचं आणि टोक कापलेलं नसायचं, चावून तोडलेलं असायचं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. तो सुकट बांधून द्यायचा. ती घेऊन मी डोंबिवलीला परत यायचो – जे बोलायला गेलेलो ते न बोलता. गेल्या वर्षी दामू गेला.

यंदा मे महिन्यात त्याची मुलगी वैशाली एक गोणपाट उचलून माझ्या दारात आली. आत म्हातारी.

"काका, अंगणातल्या चिंचेची फांदी पत्र्यावर टेकलीय. झाडवाले सगळे बिझी आहेत. बाबांचं मशीन चालू करून द्या ना. कापायला माणूस आहे मामाच्या ओळखीचा."

"अगं, हिला आता संग्रहालयात ठेवायची."

"तुम्हीपण तसेच आहात, तरी चालताय ना?"

माझी सून स्मिता आतून खो खो हसली. मी मशीन गॅलरीत घेतलं.

टाकीत जुनं पेट्रोल होतं, ते काढून नवीन पेट्रोल-ऑइल भरलं. प्लग बदलला. एअर फिल्टर धुतला, टाकीतला फिल्टर बदलला, सायलेन्सरची जाळी खरवडली. कार्बोरेटर उघडला, पडदा कडक झालेला होता, नवा कल्याणच्या एका दुकानातून आणून बसवला. म्हातारी सुरू झाली. पण थ्रॉटल दिला की गुदमरायची आणि सोडला की बंद. तीच खोड, इतक्या वर्षांनंतर.

दुसऱ्या दिवशी कंटाळलो. आणि हाताला काय सवय असते बघा... स्क्रूड्रायव्हर आपसूक आयडलच्या स्क्रूकडे गेला. पिळला. इंजिन टिकलं. मी खूश होऊन खाली बघतो तर चेन रांगत होती. तशीच, हळूहळू. मशीन बंद करून मी स्टुलावर बसलो. कुणाची तरी बोटं मी पुन्हा पणाला लावत होतो. स्क्रू मागे घेतला आणि ठरवलं, आता कारण सापडल्याशिवाय उठायचं नाही.

कार्बोरेटर आणि सिलिंडर यांना जोडणारं एक रबर असतं. त्याच्या खालच्या बाजूला क्लीनरचा फवारा मारला आणि इंजिनचा आवाज एकदम बदलला. म्हणजे तिथून हवा आत शिरत होती. स्मिताने मोबाइलचा टॉर्च धरला, फोटो काढून मोठा करून दाखवला. रबराला बोटभर चीर होती. आतल्या बाजूला जुना मळ घट्ट बसलेली, फार जुनी चीर. मी तेव्हा हे रबर काढून पाहिलं असतं तर... तर स्क्रूला हात लावायची वेळच आली नसती.

ते रबर आता कुठेच मिळेना. कल्याणचा दुकानदार फोनवर म्हणाला, "काका, भंगारातच बघा." मी मशीन तसंच उघडं ठेवलं, वर गोणपाट टाकलं, गॅलरीच्या ग्रिलला कुलूप लावलं आणि जेवून पडलो. स्मिता हॉलमध्ये लॅपटॉपवर काम करत होती. गॅलरीत जायचं तर तिच्यासमोरूनच जावं लागतं.

चार वाजता चहा घेऊन गोणपाट उचललं.

रबराभोवती निळं सूत गुंडाळलेलं होतं. जाळ्याचं सूत. वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये नखही जाणार नाही इतकं घट्ट, वर जाळ्याला देतात तसा डांबराचा हात. आणि शेवटी गाठ. शेपूट डावीकडे. टोक चावलेलं.

मी स्मिताला हाक मारली. तिने वाकून पाहिलं. "पप्पा, हे तुम्ही केलंत?"

"मला सुईत दोरा ओवता येत नाही, तूच ओवून देतेस ना?"

"मग? इथे कुणीच आलं नाही हो. मी इथेच होते!"

आमच्या घरात निळं सूत नाही, डांबर नाही. तिच्या मोबाइलमध्ये जेवणाआधीचा फोटो आहे, त्यात रबर उघडं आहे आणि चीर स्पष्ट दिसते. मला भीती वाटली का? खरं सांगतो, नाही. मी त्या गाठीवरून बोट फिरवत बसलो आणि दामू समोर असल्यासारखं मोठ्याने म्हणालो, "बघितलंस का शेवटी तिचं मन!"

दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला म्हातारी सुरू झाली. थ्रॉटल सोडला. इंजिन शांत चालू, चेन जागच्या जागी थांबलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन कोळीवाड्यात गेलो. वैशालीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. स्क्रू, स्क्रूड्रायव्हर, 'कुणास ठाऊक'. तिने मशीनवरचं गोणपाट सारखं केलं. मग म्हणाली, "मी कॉलेजात असताना बाबांना म्हणाले होते, तुमच्या दारूने घर बुडवलं. ते काहीच बोलले नाहीत, काका."

मी हात जोडले. तिने ते धरले नाहीत.

"मला एकटीला सांगून सुटू नका. चला, उठा."

बाहेर पाराशी बबनमामा चार-पाच जणांबरोबर जाळं सारखं करत बसला होता. वैशालीने मला त्यांच्यासमोर उभं केलं. तिथे भर उन्हात मी पुन्हा सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. मग मी बबनला मशीनचं रबर दाखवलं. त्याने चष्मा वर केला, गाठ पाहिली, बोटाने चाचपली आणि हातातलं जाळं बाजूला ठेवलं.

"दामूभावोजींची हाय," तो म्हणाला. "अशी गाठ दुसऱ्या कुणाला येत नाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी लय बोललो रे त्यांना..."

चिंचेची फांदी त्याच दुपारी उतरवली. वैशालीने मला जेवायला थांबवून घेतलं, पण वाढताना बोलली नाही. गेल्या आठवड्यात मात्र तिचा फोन आला, "काका, म्हातारीला ऑइल कुठलं घालायचं?" एवढाच.

ती गाठ कुणी मारली, सूत कुठून आलं, कुलूपबंद गॅलरीत कोण शिरलं – मी सगळ्या बाजूंनी तपासलं, जसं इंजिन तपासतो तसं. कारण सापडलेलं नाही, आणि आता या वयात सापडेल असं वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

पण माजिवड्याच्या त्या सोसायटीत तेव्हा राहणारं कुणी हे वाचत असेल, तर एवढं ऐका. दामू त्या दिवशी प्यायलेला नव्हता. हे मला ठाऊक आहे. तेव्हाही होतं.