वहिनीची व्हॅन आणि चढावरचा काटा

माझी थोरली वहिनी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. आधी दादा चालवायचा. त्याच्या डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा व्हॅन विकायची असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. वहिनीला कोणी विचारलं नव्हतं. ती शिवणयंत्रावरून उठली, किल्ली घेतली आणि म्हणाली, "इतकी वर्षं पायानेच यंत्र चालवतेय. इथे पेडलं दोन जास्त, एवढंच." पहिल्याच आठवड्यात तिने आमच्या फाटकाचा खांब पाडला. मग गवंडी बोलावून तो पुन्हा बांधून घेतला, पण थोडा आत सरकवून.

शाळा टेकडीवर आहे. यंदाच्या थंडीत त्या चढावर इंजिन तापू लागलं. मिस्त्रीने गळका रेडिएटर बदलला, मग थर्मोस्टॅट, मग पाण्याचा पंप. प्रत्येक दुरुस्तीनंतर तेच. चढावर तापमानाचा काटा वर जायचा, मध्येच धपकन खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. वहिनीने मुलं नेणं बंद केलं. मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला, सोमवारी व्हॅन आली नाही तर हा मार्ग दुसऱ्याला द्यावा लागेल.

"हेड गॅस्केट," मिस्त्री म्हणाला. "इंजिन खोलतो. आठवडा धरा."

"गॅस्केटच गेलंय, हे कशावरून?"

"बाकी सगळं बदललं. मग उरलं काय?"

"रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं नको व्हायला, मिस्त्री."

"आता तुम्हीच शिकवा मला, वहिनी."

"शिकवत नाही. विचारतेय. उद्या सांगते."

शनिवारी तिने मला शेजारी बसवलं आणि रिकामी व्हॅन चढावर घातली. काटा वर सरकू लागताच तिने हीटर पूर्ण उघडला. ही दादाची जुनी युक्ती. इंजिनातलं तापलेलं पाणी हीटरमधूनही फिरतं, त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता आत येते. माणूस घामाघूम होतो, पण इंजिन वाचतं. मी स्वेटर काढून भाजून घ्यायच्या तयारीत बसलो. आली ती गार हवा.

"भावजी, हात धरा इथे."

"गारच आहे."

"इंजिन उकळतंय आणि हीटर गार?" तिने गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळात काटा खाली आला आणि त्याच क्षणी हीटरमधून गरम झोत आला. वहिनीने स्टिअरिंगवर थाप मारली. "पाणी सगळीकडे पोचतच नाहीये. चला, गॅरेज."

मिस्त्री आधी हसला. "हीटर गार येतो ही तक्रार घेऊन आलात? गॅस्केट राहिलं बाजूला!" मग त्याचं हसू थांबलं. "काटा वर असतानाच गार?"

"तेव्हाच."

"म्हणजे आत हवा अडकलीय. पण दर वेळी हवा काढूनच कूलंटचं पाणी भरतो हो मी."

"भरता कुठे?"

"कुठे म्हणजे? इथेच."

गॅरेजचं आवार गटाराकडे उतरतं. सांडलेलं पाणी पायाखाली येऊ नये म्हणून मिस्त्री प्रत्येक गाडी गटाराकडे तोंड करून लावतो. इतर गाड्यांचं त्याने काही बिघडत नाही. आमच्या व्हॅनला मात्र दादाने मुलांसाठी मागच्या बाकाखाली दुसरा हीटर बसवून घेतला होता. मिस्त्री उकिडवा बसून गाडीकडे बाजूने बघत राहिला. नाक खाली आणि शेपूट वर. सर्वांत उंच जागी तो मागचा हीटर.

"हवा तिथेच जाऊन बसते," तो पुटपुटला. "चढावर नाक वर झालं की तीच पुढे इंजिनाकडे सरकते. आणि मी एकेक पार्ट बदलतोय."

"मग फिरवा गाडी."

"सगळ्या आवारात पाणी होईल."

"मी पुसते. फिरवा."

इंजिन निवल्यावर नाक चढाकडे करून, दोन्ही हीटर उघडे ठेवून त्याने कूलंट भरलं आणि इंजिन चालू ठेवलं. रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे येत राहिले. पातळी खाली गेली की तो भर घालायचा. बुडबुडे थांबले तरी वहिनी तिथून हलेना.

"झालं, वहिनी."

"रिकामी नको, भरलेली चढायला हवी."

रविवारी तिने आम्हाला मुलांच्या जागी बसवलं. दादा, माझी बायको, मी, शेजारचे दोघे आणि शेवटच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून स्वतः मिस्त्री.

"बाई, याने मला ढकललं!" तो मागून ओरडला.

"गप्प बसा, नाहीतर इथेच उतरवीन."

चढभर काटा मध्यावर राहिला. हीटर पुढे गरम, मागेही गरम. वर पोचताच आम्ही टाळ्या वाजवल्या. वहिनीने न थांबता गाडी वळवली आणि उतारावर घातली.

"आता कुठे?" दादाने विचारलं.

"पुन्हा. पंप बदलला तेव्हाही पहिल्या फेरीला नीट चढली होती. दुसऱ्या फेरीला मुलं होती आत."

दुसऱ्यांदा चढली. तिसऱ्यांदाही. काटा जागचा हलला नाही. तेव्हा कुठे तिने शाळेच्या फाटकापाशी गाडी लावली आणि मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला.

"उद्या व्हॅन येतेय... नाही, दुसरं कोणी नको. मीच आणतेय."

"आता तरी उतरू द्या," मिस्त्री मागून विव्हळला. "पायांना मुंग्या आल्यात."