चालू लिफ्ट बंद करणारा माणूस

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. लोकांना विचाराल तर ते सांगतील, चांगल्या चालणाऱ्या लिफ्ट बंद करतात. तपासणीला जायचं, लिफ्टचा पोलादी दोर चाचपायचा, त्यातली एखादी तार सुटलेली दिसली की दारावर 'लिफ्ट बंद'ची पाटी लावून मोकळे. मग पिशव्या घेऊन जिने चढणारे त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. भावजीही कमी नाहीत, भर जिन्यात भांडतात. तुटल्यावर कळून काय उपयोग, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताईला ते झोपेतही पाठ आहे.

आणि ताईला सातवा महिना लागला तेव्हा याच माणसाने घोळ घातला.

रक्तदाब किंचित वर दिसला म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, की वारेतून रक्तात उतरणारं एक प्रथिन फारच कमी आहे. बाळाला पोसणारी वार नीट काम करत नाहीये. दाब कधीही एकदम चढू शकतो, झटके येऊ शकतात, दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. होईलच असं नाही, पण आजच भरती व्हा.

भावजींचा पारा चढला. चालतीफिरती बाई, दोन घास जास्तच जेवतेय, आणि रक्तातल्या कसल्याशा प्रथिनावरून तिला कॉटवर टाकायचं? डॉक्टरीणबाईंनी परत समजावलं. पण भावजी ताईला हाताला धरून घरी घेऊन आले. मला असा संताप आला, की चहा दोनदा उतू गेला.

घरी भावजींना एका जागी बसवेना. नळाचा वायसर बदलला, बिजागऱ्यांना तेल घातलं, चांगला चाललेला पंखा खाली उतरवला. मधेच चोरून ताईच्या पायांकडे बघायचे, सूज आलीय का म्हणून. पण बोलतील तर शपथ. मीही स्वयंपाकघर ते गॅलरी नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

शेवटी ताईच उठली. कपड्यांची पिशवी दाराशी आणून ठेवली.

"अहो, दोराची एक तार सुटलीय," ती म्हणाली. "पाटी लावा."

 भावजींनी हातातला पाना ठेवला, पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

दवाखान्यात तीन-चार दिवस काहीच झालं नाही. उगाच आलो, अशी त्यांची पुटपुट पुन्हा सुरू झाली होती. मग एका सकाळी केस विंचरताना ताई म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. नर्सने दाब मोजला आणि पळतच सुटली. बघता बघता ताईला ऑपरेशनला नेलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. ताई वाचली.

लेक काचेच्या पेटीत वाढत होती तेव्हाची गोष्ट. तिला बघायला जायचं म्हणून मी भावजींना कामावरून घ्यायला गेले. त्यांनी नुकतीच पाटी लावली होती आणि पिशवीवाला एकजण खेकसत होता.

"चांगली चालत होती की लिफ्ट!"

आता जुंपणार, असं म्हणून मी कपाळाला हात लावला.

"हो, चालत होती," भावजी म्हणाले, आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे हमसाहमशी रडायला लागले. तो माणूस आपला गुपचूप जिना चढायला लागला.