फुलबॅक काकाजींचा गोल

फुलबॅक काकाजी लग्नाच्या पंगतीत बसले तरी पाठ भिंतीला लावूनच बसायचे. बसमध्ये सगळ्यात मागची सीट त्यांची, फोटोत सगळ्यात मागची रांग त्यांची, आणि वरातीत सगळी वसाहत घोड्यापुढे नाचत असताना हे घोड्याच्याही मागून हळूहळू चालत यायचे. कोणी थट्टा केली की म्हणायचे, "समोरून येणारा सगळ्याइले दिसते गा. मागून येणाऱ्याले पाहाले कोणीतरी लागते." तारुण्यात ते वीज केंद्राच्या कामगार फुटबॉल संघातून फुलबॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा राखणदार, म्हणून खेळले होते. पुढे गुडघा गेला, पोट सुटलं, केस उडाले, पण त्यांच्यातला फुलबॅक काही गेला नाही. खापरखेड्याच्या वसाहतीत त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

त्यांनी वसाहतीतल्या मुलींचा फुटबॉल संघ उभा केला होता आणि मी त्या संघाची सेंटर फॉरवर्ड होते. म्हणजे माझ्यामागे कोणी नसतं तर मीही फुलबॅकच झाले असते. आमच्या संघात गोलकीपर सोडून सगळ्याजणी कमीअधिक फुलबॅकच होत्या, काहीजणी फक्त जरा पुढे उभ्या राहायच्या. नागपूर जिल्ह्यात आमच्यावर गोल करणं हे कुणाच्या बापाचं काम नव्हतं. आणि आम्ही कुणावर गोल करणं, हे आमचं काम आहे असं आम्हाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

वसाहतीतली मुलं क्रिकेटच्या नादी लागली तेव्हा काकाजींनी मोर्चा मुलींकडे वळवला. बॉयलरवरची ड्यूटी संपली की घरी न जाता ते एकेका क्वार्टरचं दार वाजवायचे. वडिलांशी ते बोलतच नसत, थेट आईशी बोलायचे. पोरीला खरचटलं तर मी जबाबदार, अंधार पडायच्या आत दारात आणून सोडणं माझ्याकडे, असं त्यांचं सांगणं असायचं, आणि ते शब्दाचे पक्के होते. सराव संपल्यावर बदकांची रांग न्यावी तसे आम्हाला घेऊन ते क्वार्टर-क्वार्टर फिरत, प्रत्येकीच्या आईला तिचे गुडघे दाखवत आणि मगच पुढच्या दाराकडे वळत. त्यांच्या पिशवीत शिट्टी नसली तरी चालेल, हळदीची डबी असायचीच.

आमचं मैदान वीज केंद्राच्या चिमण्यांखाली होतं. पांढरे मोजे घालून गेलं की राखाडी मोजे घेऊन परत यायचं, हे आया गृहीत धरून असत. त्या मैदानावर काकाजींनी आम्हाला जे शिकवलं ते खरोखर अप्रतिम होतं. समोरची मुलगी चेंडू घेऊन अंगावर आली की तिच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, पायांकडेही नाही. "डोळे खोटं बोलते, पाय त्याहून खोटं बोलते. कंबरेकडे पाहा वं. कंबर जिकडं वळन तिकडंच ते जाईन." हे वाक्य मी आजही माझ्या खेळाडूंना ऐकवते. आपली गोलकीपर सामन्यात कंटाळली पाहिजे, हे त्यांचं ध्येय होतं, आणि आमची गोलकीपर खरोखरच कंटाळायची. एकदा तर भर सामन्यात ती गोलखांबाला टेकून वेणी घालताना सापडली. काकाजी तिला रागावले नाहीत, उलट खूश झाले.

आक्रमणाचा मात्र त्यांच्याकडे पाठच नव्हता. आम्ही विचारलं की म्हणायचे, समोर गेलं की सुचते आपोआप. आम्ही समोर जात नव्हतो, त्यामुळे सुचायचा प्रश्न येत नव्हता. सामना शून्य-शून्य सुटायचा, टायब्रेकरला आम्ही पेनल्टी सरळ कीपरच्या हातात द्यायचो आणि आम्ही हरून परत यायचो. गेटवर कोणी विचारलं की काकाजी छाती काढून सांगायचे, एकही खाल्ला नाही. विचारणारा पुढचं विचारायच्या आत ते सायकलवर बसलेले असत.

मी बारावीत गेले तेव्हा ही गंमत माझ्या गळ्याशी आली. घरचा कारभार आईच्या हातात होता, आणि तिनं साफ सांगून टाकलं होतं: या वर्षी जिल्हा संघात निवड झाली तर नागपूरच्या कॉलेजात जा, होस्टेलात राहा, खेळ. नाही झाली तर खेळ बंद, इथूनच जाणंयेणं करून बी.ए. कर. तिचं चुकत होतं असंही नाही. बाबा कोळशाच्या विभागात धूळ खात होते, माझ्यामागे दोन भावंडं होती, आणि चेंडूमागे पळून कोणाचं भलं झालेलं तिनं अजून पाहिलं नव्हतं. ती एकदाही सामन्याला आली नव्हती. कोण जिंकलं, कोण हरलं हेही तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात नागपूरला आंतरशालेय नव्हे, तर सगळ्या क्लबांची मोठी स्पर्धा होती आणि जिल्हा संघ तिथूनच निवडायचा होता. पहिले सामने साखळीचे होते. आमचा पहिला सामना सवयीप्रमाणे शून्य-शून्य सुटला. सामना संपल्यावर निवड करणाऱ्या मॅडम काकाजींजवळ आल्या. मी शेजारीच बूट सोडत होते. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखा बचाव जिल्ह्यात कुणाकडे नाही. कीपर आणि दोन बॅक मी आजच घेते. पण ह्या फॉरवर्डला कशावरून घेऊ? चेंडू मिळाला की ती स्वतःच्याच गोलकडे तोंड करते." काकाजींनी मान डोलावली. मी बुटाची नाडी सोडता सोडता पुन्हा बांधली.

मैदानाबाहेर तर्री-पोह्यांची गाडी होती. काकाजींनी सगळ्यांना पोहे सांगितले, स्वतःची प्लेट हातात घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काहून वं, शेवटच्या टायमाले समोर कीपर एकटीच होती ना. मागं काहून फिरली?"

"तुमीच तं ओरडले, सांभाळ म्हणून."

"मी बॉल सांभाळ म्हनलं. बॉल पायाशी सांभाळ अन् जा समोर."

काकाजी बाहेरून दुसरं काही ओरडायचेच नाहीत. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्यांच्या तोंडी तो एकच शब्द, आणि तो कानावर पडला की आम्ही थबकायचो, वळायचो, चेंडू मागे द्यायचो. मी म्हटलं, "आमाले वाटे, सांभाळ म्हणजे जपून. कोणी अंगावर येऊन राहिलं, मागं ये." ते बाकीच्यांकडे वळले, तर सगळ्याजणी पोहे खाता खाता माना हलवत होत्या. आमची डावीकडून खेळणारी म्हणाली की घरून निघताना माझी मायही हेच म्हणते, सांभाळ. ती काय बॉल सांभाळायला सांगते का?

म्हणजे दोन वर्षं आमचा सेनापती चढाईचा हुकूम देत होता आणि फौज त्याच हुकमावर माघार घेत होती. मला हसू आवरेना. एकेक करून सगळ्या हसायला लागलो, पोहेवालाही हसला. फक्त काकाजी हसले नाहीत. त्यांची प्लेट तशीच हातात राहिली, तर्री गार झाली. मग ते फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"तोंडातून तं बॉलसाठीच निघे. पण पोट्टी समोर पळाली का मले बॉल दिसतच नाही वं, तिची माय दिसते. दारात उभी. तुमाले बरोबरच आयकू आलं."

त्यांच्यावर माझी माया होतीच, पण त्या क्षणी ती किती आहे ते मला कळलं. एवढं खरं बोलणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढचे दिवस काकाजींनी तो शब्द सोडायचा फार प्रयत्न केला. आधी 'पुढे' म्हणून पाहिलं, ते त्यांच्या जिभेवर बसेना. मग शिट्टी तोंडात धरली, तर शिट्टीतूनही तोच शब्द फुंकल्यासारखा वाजायचा. शेवटी त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक दातांत धरून सराव घेतला. आम्ही पुढे पळालो की त्यांचे डोळे मोठे व्हायचे, मान लाल व्हायची, आणि दुपट्टा गळून पडायचा तो त्या शब्दासकटच. आम्हीही काही कमी नव्हतो. आवाज कानावर पडला की आमचे पाय आपसूक त्या आवाजाच्या दिशेनं वळायचे. तशाच अवस्थेत आम्ही साखळीतून कसेबसे, गोल न खाण्याच्या पुण्याईवर, उपांत्य सामन्यात पोचलो. माझ्या नावावर अजून एकही गोल नव्हता.

उपांत्य सामन्याचा पूर्वार्ध शून्य-शून्य गेला. मॅडम मंडपात बसल्या होत्या, आणि मी मनातल्या मनात घरून जाण्यायेण्याच्या सावनेरच्या कॉलेजचा फॉर्म भरत होते. उत्तरार्ध सुरू होताना पाहिलं तर आमच्या बाकावर काकाजी नव्हते. शोधलं तर ते मैदानाला वळसा घालून चालले होते. चालत चालत ते पार दुसऱ्या टोकाला गेले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या गोलमागे, दोरीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. शब्द बदलेना, म्हणून त्यांनी जागा बदलली होती. जन्मभर सगळ्यांच्या मागे उभा राहिलेला हा माणूस त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

मग काही वेळानं डावीकडून चेंडू माझ्याकडे आला. समोर दोन बॅक होत्या. दुपट्टा खांद्यावर टाकून दोन्ही हात पसरून काकाजी ओरडले, "सांभाळ वं, सांभाळ!" आणि माझे पाय सवयीनं आवाजाकडे वळले. एका बॅकची कंबर उजवीकडे झुकलेली दिसली, मी डावीकडून निघाले. दुसरी मागे राहिली. पुढे कीपर धावत आली, मी पाय मारला, त्याच वेळी ती माझ्यावर आदळली आणि माझं डोकं आणि मनगट जमिनीवर आपटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. डोळे उघडले तेव्हा काकाजी दोरी ओलांडून माझ्याजवळ बसले होते आणि माझं मनगट भलतीकडेच वळलं होतं.

बाकीचा सामना आम्हा दोघांपैकी कोणीच पाहिला नाही, ना मी, ना काकाजींनी. आम्ही ऑटोत होतो. ऑटो निघताना मॅडम आत वाकून म्हणाल्या, प्लास्टर सुटलं की शिबिराला ये, तुझं नाव लिहिलंय. मी रडत होते, पण ते मनगटासाठी की नावासाठी ते मला सांगता यायचं नाही. आमच्या बॅक मुलींनी उरलेला वेळ काढला आणि संघ एक-शून्यनं जिंकला, हे आम्हाला दवाखान्यात फोनवर कळलं. एका राखीव मुलीनं मोबाइलवर तो क्षण टिपला होता म्हणे, पण गोल होताना ती स्वतःच उड्या मारायला लागली, त्यामुळे व्हिडिओत आहे ते नुसतं आभाळ आणि आरडाओरडा. अंतिम सामना आम्ही नंतर टायब्रेकरवर हरलो, ते वेगळं सांगायला नको.

खापरखेड्याला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. निवडीचा आनंद काकाजींच्या तोंडावर दिसत नव्हता, रस्ताभर ते आईपुढे काय बोलायचं ते जुळवत होते. आमच्या ओट्याची पायरी त्यांनी चढली नाही, खालीच उभे राहिले. आई बाहेर आली. तिनं माझं प्लास्टर पाहिलं, बाहेर आलेली बोटं एकेक करून हलवून पाहिली. मग ती काकाजींकडे वळली. काकाजींनी दुपट्टा हातात गोळा केला होता. "ताई," ते म्हणाले, आणि गोळा केलेला दुपट्टा उलगडून पुन्हा गोळा करू लागले.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "गोल झाला का?"

काकाजींनी मान वर केली. आपल्याला हे कोण विचारतंय ते त्यांना क्षणभर कळेना. "झाला," ते म्हणाले. "झाला ताई. हिनंच मारला."

"मंग बसा अन् सांगा, कसा झाला ते."

काकाजी पायरी चढून आले, पण बसले नाहीत. त्यांनी माझ्या चपला दोन हात अंतरावर ठेवून गोल केला, पाण्याचा पेला कीपर म्हणून मध्ये ठेवला, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यानं ओटाभर पळून आईला सगळं दाखवलं. डावीकडून कसा आला, पहिलीला कसं चकवलं, दुसरी कशी मागे पडली. कीपर अंगावर आली, बॉल तिच्या बोटांना लागला, खांबाला लागला, आता बाहेर जाते का आत येते असा जरासा थांबला आणि मग आत आला. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मी प्लास्टर मांडीवर घेऊन आईला चिकटून बसले होते आणि तोंड उघडं टाकून ऐकत होते, कारण पाय मारल्यानंतरचं काहीच मी पाहिलं नव्हतं. माझा पहिला गोल मी त्या ओट्यावर पाहिला.

काकाजी निवृत्त होऊन खाप्याकडच्या आपल्या गावी गेले आणि मागच्या वर्षी वारले. आई अजून कधीमधी म्हणते, तो गोल सांग ना गं. मी सांगायला लागते. डावीकडून आला, पहिलीला चकवलं, दुसरी मागे पडली, कीपर अंगावर आली. तिथवर येते आणि थांबते. तिथून पुढचं सांगणारा माणूस आता नाही.