सुलोचनाकाकूंची अर्धी भिंत

राजेंद्र नगरात साडीला फॉल लावायचा तर सुलोचनाकाकूंकडेच. नवरा गेल्यावर त्यांनी समोरच्या खोलीत मशीन टाकली. तेच दुकान, तिथेच कोपऱ्यात देव्हारा. ती खोली गेली की पोट गेलं.

रस्ता चौडा करायचं निघालं आणि खोलीवर लाल निशाण पडलं. काकूंनी वल्लरीला गाठलं. ती वकील, आणि काकूंची जुनी गिऱ्हाईक. अर्ज हायकोर्टात लागला त्याच सकाळी जेसीबी दारात उभा, सोबत महापालिकेचे साहेब. बघता बघता समोरची भिंत अर्धी खाली आली.

"देव आहेत आत!" काकू ओरडल्या.

जेसीबीवरचा श्रीराम इकडचाच, माळव्यातला. त्यानं मशीन बंद केली. "साब, भगवान निकाले बगैर अपन हाथ नी लगाते."

"निकालो फिर. जल्दी," साहेब म्हणाले.

पण कुळाचे देव म्हणजे काय भांडी आहेत, उचलून बाहेर ठेवायला? काकूंनी देवांना आंघोळ घातली, गंध लावलं, आणि नैवेद्याच्या वरणाचा कुकर चढवला.

"काकीजी, और कितनी सीटी?"

"डाळ जुनी आहे साहेब, वेळ लागतो. तुम्हीपण जेवूनच जा."

श्रीराम तोंड फिरवून हसला.

कुकर उतरायच्या आत साहेबांचा फोन वाजला. त्यांच्याच खात्याचा वकील होता. कोर्टानं स्थगिती दिली होती. पुढच्या तारखेपर्यंत सगळं जसं आहे तसं. "सड़क सरकार की, और रोकेगा कोर्ट!" साहेब चरफडले. पण मशीन परत फिरवली.

काकूंना वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावला, तर वल्लरी धावत आली.

"काकू, एक वीटसुद्धा लावायची नाही. जसं आहे तसं म्हणजे आपल्यालापण."

"अगं, भिंत त्यांनी पाडली ना?"

"तेच तर कोर्टाला सांगायचंय. आपणच ऑर्डर मोडली तर कुठल्या तोंडानं सांगू?"

संध्याकाळी वॉर्डातून निवडून आलेले पार्षद आले. "काकीजी, चुनवा लो दीवार. मैं बैठा हूँ ना."

"भिया, साहेबांनी मनात नसताना कोर्टाचं ऐकलं. आता मी तुमचं ऐकू?"

पार्षद चहा घेऊन गेले.

काकूंनी भगदाडावर सतरंजी टांगली. वारा आला की साड्यांवर धूळ बसायची. दोन गिऱ्हाईकं तर कुरकुरत दुसरीकडे गेली. काकू साड्या झटकत राहिल्या, शिवत राहिल्या.

तारखेच्या आधी साहेब मोबाईल घेऊन आले. नवं काही बांधलं नाही ना, त्याचे फोटो काढायला. काकूंनी मशीन थांबवली, सतरंजी वर धरली.

"आतूनपण घ्या. नाहीतर कोर्टात म्हणाल, काकीने दिखाया नी."

साहेब वाकून आत आले.